आखाजीचा तांब्या

जठारपेठ, अकोला
३ मे

आई,

साष्टांग नमस्कार लिहून खोडलाय. आधी पत्र वाचा, मग घ्यायचा की नाही ते ठरवा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून अमरावतीला पौर्णिमाताईंच्या पत्त्यावर लिहितेय. त्यांना म्हणावं, भावजयीचं पत्र फोडू नका.

जुईलीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे. काल इको केला. हृदय अजून मोठंच आहे, पण सुधारतंय. असंच सुधारलं तर दोन महिन्यांनी माझी किडनी तिला बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा फुप्फुसात पाणी भरलं तर मात्र काही खरं नाही.

तुमचे दीर खुशालराव येऊन गेले. "पोरीची जात. किती दिवस सुया टोचून राहिले तुमी? जाऊ द्या आता." मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. नऊ वर्षांची लेक माझी, जाऊ कुठं देऊ? सून उद्धट म्हणून सगळ्या नात्यात बोभाटा झालाय. होऊ द्या.

आता आखाजीचं.

अक्षय्यतृतीयेच्या त्या सकाळी तुम्ही पितरांची घागर भरलीत, चिंचवणी केलंत. जुईलीला तिच्या छोट्या बाटलीतलं, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मोजकं पाणी दिलंत. ती घागरीकडे बघत म्हणाली, "मेलेल्या आबाले पाणी देता, मले काहून नाही?" तुम्ही ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसले आणि नाही म्हणालात. दुपारी तुमचा डोळा लागला, तेव्हा मी तिला तांब्या दिला. गटागटा प्यायली. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आडवं होता येईना, श्वास कोंडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी कोणी पाजलं? तुमच्या लेकानं, योगेशनं, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही गप्प राहिलात. मीही गप्प राहिले. तुम्ही पिशवी भरून निघालात तेव्हासुद्धा.

चूक झाली, जीवघेणी झाली. पण तहानलेल्या लेकराला पाणी दिलं म्हणून मी कुणापुढे मान खाली घालणार नाही. मान खाली जाते ती तुमच्यावर आळ येऊ दिला म्हणून. आज योगेशला सगळं सांगितलं.

परवा तिनं पुन्हा पाणी मागितलं, तर माझा हात माठापर्यंत गेला होता. मला तिला नाही म्हणता येत नाही, आई. तुम्हाला येतं, आणि तरी ती तुमच्याच कुशीत शिरते. ऑपरेशनपर्यंत तिला माझ्यापासून सांभाळणारं माणूस या घरात हवंय.

शनिवारी पहिल्या बसनं येते. दार लावून घेतलंत तर पायरीवर बसेन. शिव्या द्या, सगळ्या गल्लीसमोर द्या. पण एकटी परत जाणार नाही.

तुम्ही सून म्हणा न म्हणा,
तुमचीच
रागिणी