चिमीला पहिली नोकरी लागली

चि. धाकटीस मोठीचा मायेचा आशीर्वाद.

भाऊजींचा खोकला गेला का? सासूबाईंना नवा चष्मा मानवला? आणि तुझी कंबर?

तुझी चिमी इथे माझ्याकडे राहून कामाला लागली गं! सव्विसाव्या वर्षी पहिली नोकरी, हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची.

मुलाखतीआधी मी शहाणीने तिला पढवलं होतं, "समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल." तर ही पापणी न हलवता लाँड्रीच्या बाईंकडे बघतच बसली, तोंडातून शब्द नाही. मीच तिच्या वतीने बोलायला पुढे झाले. शेवटी तीच म्हणाली, "मी ऑटिस्टिक आहे. मावशीने सांगितलं म्हणून बघतेय, पण असं बघितलं की मला बोलता येत नाही. चादरीकडे बघून बोलू?"

"बोल की! मलाही हायसं वाटेल," बाई म्हणाल्या. आता महिनाभर ठेवून बघणार आहेत.

तिथे यंत्रांचा आवाज फार. घरी आली की खोलीत अंधार करून पडते, जेवतेही उशिरा. पण सकाळी माझ्याआधी तयार असते. तेव्हा तिला न्यायला कुणाला धाडू नकोस. झेपेनासं झालं तर तीच सांगेल. तिला तोंड आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

लवकर उत्तर लिही. आणि या खेपेला मला "तिला सांग" असं लिहू नकोस, तिलाच वेगळं पत्र पाठव.

तुझी,
ताई