टेबलक्लॉथ आणि फ्रान्सची अब्रू

२ मे
आज हद्द झाली. माझ्या बायकोने, सोलांजने, सकाळी पांढरा टेबलक्लॉथ कुंपणाजवळच्या दोरीवर वाळत घातला. शेजारचा हार्टनॉल रोजच्यासारखा पाव आणायला निघाला होता. थांबला, टोपी उचलली आणि म्हणाला, "काय हे मस्यू कुर्ताद, इतक्या सकाळी शरणागती? अजून कुणी हल्लासुद्धा केला नाही!" मग स्वतःच खो खो हसला.
हा इंग्रज आमच्या गावात घर घेऊन राहिल्यापासून हेच चाललंय. फ्रेंच सैनिक म्हणजे पळपुटा, फ्रेंच सेनापती म्हणजे नुसत्या मिशा! मी स्वतः जुना सैनिक आहे. सक्तीच्या सैनिकी सेवेत घोंगड्यांचं कोठार सांभाळलं. एकही घोंगडी शत्रूच्या हाती लागू दिली नाही.
सोलांज म्हणते, मनावर घेऊ नका. कसं घेऊ नको? चौकातल्या युद्धस्मारकाच्या दगडावर माझ्या आजोबांचं नाव कोरलंय. पहिल्या महायुद्धात व्हर्दंच्या लढाईला गेले. मागे हटले नाहीत आणि परतही आले नाहीत. तो हसतो तेव्हा मला ते नाव दिसतं.

३ मे
सुचलं! १४५३ साली इथेच, नदीच्या खालच्या अंगाला, आपण इंग्रजांना असं झोडपलं की त्यांनी गाशाच गुंडाळला. ती लढाई १४ जुलैला, आपल्या राष्ट्रीय दिनी, गावच्या कुरणात करून दाखवायची. सेनापती मी. हरणारे इंग्रज म्हणून हार्टनॉल आणि त्याची मित्रमंडळी. एक घाव, दोन तुकडे.

२० मे
सैन्यभरतीची मीटिंग. उत्साह दांडगा. उपसेनापती कोण होणार विचारलं तर सगळे हात वर. साधा शिपाई कोण होणार विचारलं तर एकही नाही. बेकरीवाला देल्मास म्हणाला, "माझे गुडघे फक्त घोड्यावर बसण्याच्या लायकीचे आहेत." घोडा नाही म्हटल्यावर रुसला. औषधांच्या दुकानातल्या मादाम वेसिएंनी विचारलं, "अहो, मग चालणार कोण?" शेवटी सगळ्यांनाच कॅप्टन केलं. असं सैन्य युरोपात दुसरं नसेल.

७ जून
हार्टनॉल हरायला तयार! म्हणाला, "सवय नाही हो आम्हाला, तुम्हीच जरा शिकवा." दुर्लक्ष केलं.
ते लोक रोज संध्याकाळी कुरणात कवायत करतात. चांगलंय, शिस्तीत हरतील.
आमची कवायत अजून सुरू नाही. विजयानंतरच्या जेवणात बदक की कोकरू, यावरून कॅप्टनांत दोन तट पडलेत. रसद आधी, युद्ध नंतर. जाणकारांना हे पटेल.

२९ जून
बदक जिंकलं. कोकरूवाले तीन कॅप्टन राजीनामा देऊन गेले. सैन्य आता आटोपशीर झालंय, हुकूम द्यायला सोपं.

१३ जुलै
प्लॅन पक्का. अकराला माझं भाषण, फार तर पंधरा मिनिटं. मग तोफ (देल्मासच्या जुन्या भट्टीचं धुराडं). मग हल्ला. पावणेबाराला इंग्रज शरण. बाराला बदक. यात चूक काढून दाखवावी कुणी!
शरण येणाऱ्यांसाठी सोलांजचा तोच टेबलक्लॉथ नेतोय. हार्टनॉलच्या हातात तो पाहिला की डोळ्यांचं पारणं फिटेल.

१४ जुलै, संध्याकाळ
विजय. तपशील थोडा वेगळा.
भाषण रंगलं. इतिहासातली एकेक फ्रेंच लढाई घेतली. हरलेल्यासुद्धा घेतल्या, कारण त्या कशा जवळजवळ जिंकल्या होत्या हे कुणीतरी सांगायलाच हवं. मग चौकातल्या दगडावरची नावं म्हटली. आजोबांचं नाव दोनदा म्हटलं. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. बारा!
मागे वळून पाहिलं. माझं सैन्य भाले गवतात टाकून जेवणाच्या तंबूकडे निघालं होतं. ओरडलो, "कॅप्टन, शत्रू समोर उभा आहे!" देल्मास मागे न बघता म्हणाला, "उभा राहू दे की. बदक थोडंच थांबणार आहे?"
इंग्रज मात्र उन्हात रांगेत उभे. भाषण शेवटपर्यंत ऐकलं ते फक्त त्यांनी. शेजारच्या गावांतले प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले. तेव्हा हार्टनॉल पुढे आला. म्हणाला, "मस्यू, द्या ते निळे डगले इकडे. आम्ही होतो फ्रेंच."
झाले. पण मग हरायला कुणी उरेना. खरा सेनापती जिथे फळी दुबळी तिथे स्वतः उभा राहतो. म्हणून इंग्रजांचा लाल डगला मी चढवला.
काय लढले ते! हार्टनॉल तर घसा फाटेस्तोवर "फ्रान्सचा विजय असो" ओरडत होता. टेबलक्लॉथ मी हलवला. हलवणारा दुसरा कोण होता?
बदक संपलं होतं.

१६ जुलै
पेपरात फोटो, चांगला मोठा. खाली छापलंय: "इंग्रज सेनापती श्री. कुर्ताद शूर फ्रेंचांपुढे शरण." फ्रेंचांना शूर म्हटलंय. काम फत्ते.

१७ जुलै
सोलांजने टेबलक्लॉथ धुऊन दोरीवर घातला. मी कुंपणाशीच उभा होतो, सडेतोड उत्तर तयार ठेवून. हार्टनॉल आला. टेबलक्लॉथकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टोपी काढून छातीशी धरली आणि काही न बोलता पाव आणायला गेला.
अखेर त्याचं तोंड बंद केलं!
दुपारी जेवण गेलं नाही. त्याला माझी कीव आली, की आजोबांचं नाव आठवलं? माणसाने टोमणा तरी मारावा, म्हणजे कळतं.
सोलांजला सांगून ठेवलंय, वाळला तरी टेबलक्लॉथ काढू नकोस. संध्याकाळी हार्टनॉल याच वाटेने फिरायला जातो.