तिसरं कडवं

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझा साईराज मध्येच येऊन माझी नोकरी कशी चाललीय ते विचारतो. तुझ्या ऑपरेशनची तारीख त्याच्याकडूनच कळली. त्याबद्दल शेवटी लिहिते. बाकीचं फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून मोहोपाड्याच्या पत्त्यावर टपालानं पाठवतेय. पाकिटावर नाव तुझंच आहे, तेव्हा ते तूच फोडशील असं धरून चालते.

गेल्या महिन्यात आम्ही घर रंगवायला काढलं. पप्पांचं कपाट रिकामं करताना विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये आजोबांची रेकॉर्ड सापडली. लहान आहे, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी. लेबलवर 'पांडू जाधव आणि पार्टी, कर्जत' एवढं वाचता येतं, कंपनीचं नाव ओलीनं गेलंय. आपल्याकडे आजोबांचा एकच फोटो आहे, तोही सभेतला, अर्धं तोंड माइकमागे. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. रेकॉर्ड होती हे माहीत होतं, पण 'रूपानं ती झिजवून संपवली' असंच तुझ्याबद्दल लहानपणापासून कानावर आलं, त्यामुळे ती कधीच टाकून दिली असेल असा माझा समज. मग एवढी वर्षं ती पॉलिसीच्या कागदांत कशाला ठेवली, असं पप्पांना विचारलं. म्हणाले, "कुठंतरी ठेवायला पायजेच ना."

रेकॉर्ड हातात घेतल्यावर मला एवढंच कळून घ्यायचं होतं की तिच्यात काही उरलंय का. तुला माहीत आहे, माझं कामच मोजण्याचं आहे. खोपोलीच्या कारखान्यात दाबाची आणि तापमानाची उपकरणं खरं सांगतात का, ते मी तपासते. रेकॉर्डबद्दल मात्र काहीच येत नव्हतं. आठवडाभर वाचलं, तेव्हा पुढचं सगळं ठरवणारी एक गोष्ट कळली. रेकॉर्ड वाजवली की थोडी झिजतेच, आणि किती झिजते ते बरंचसं सुईवर पडणाऱ्या वजनावर आहे. प्रत एकच असेल तर एकदा ऐकणं म्हणजेही खर्च. तेव्हा कशावर वाजवायची ते आधी ठरवायला हवं होतं.

ऑनलाइन पहिल्यांदा दिसतात ते सूटकेससारखे प्लेअर, गुलाबी नाहीतर आकाशी. स्पीकर आतच, आणि सगळ्यांत स्वस्त तेच. दिसायला गोड आहेत. पण त्यांच्या सुई धरणाऱ्या हाताचं वजन कमीजास्त करता येत नाही, सुईवर पाच-सहा ग्रॅम बसतात, आणि स्पीकरचा हादरा त्याच खोक्यातून सुईपर्यंत परत पोचतो. नवी रेकॉर्ड लावून चहा प्यायला ठीक आहेत. शिळफाट्याच्या कमळ्याकाकांकडेही जाऊन आले. त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान आता डीजेचं झालंय, पण मागच्या खोलीत जुने प्लेअर आहेत. त्यांनी एक लोखंडी धूड पुढं ओढलं. "ह्यो घे गं पोरी. ह्याच्यापुढं बैल नाचला तरी सुई उडायची नाय." का उडणार नाही, असं मी विचारलं. "वजन हाय ना." मग मी पर्समधला चिमुकला काटा काढून सुईखाली धरला. झालं, त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना हाक मारली, "या रं, पांडूशाहिराची नात सुईचं वजन करते. उद्या डासाचं करंल." नऊ ग्रॅम भरलं. मी नको म्हटलं. त्यांना राग आला नाही, चहा पाजला आणि म्हणाले, "तुझा आजा गायला लागला ना, की आमी कर्णा बंद करायचो. गरजच नव्हती." हे खरं असेल असं मला वाटत नाही, पण तुला कळवते.

शेवटी घेतला तो साधा काळा, रबरी पट्ट्यावर फिरणारा. त्याच्या हातामागं एक वजन आहे, ते फिरवून सुईवरचा भार दोन ग्रॅमवर आणता येतो. सुई बदलता येते. मागं यूएसबीची तार आहे, ती लॅपटॉपला जोडली की गाण्याची थेट फाइल होते. याहून महागडे होते, पण त्यांत बराच पैसा लाकडाचा आणि दिसण्याचा, आणि माझ्या पगाराला तो झेपणारा नव्हता. सुईवर मात्र वेगळा खर्च केला. हिचं टोक लंबगोल आहे. जुन्या गोल सुया खाचेत जिथं घासत गेल्या, तिथं न टेकता ही जराशी वेगळ्या जागी टेकते. म्हणजे अजून कोणी पोचलं नाही अशा ठिकाणचा आवाज मिळायची शक्यता.

रेकॉर्ड धुतली, वाळवली, लावली. आणि आजोबा गायले. मला वाटलं होतं, आवाज भारदस्त असेल. तसा नाही. पातळ आहे, थोडा नाकातला, आणि ओळ संपता संपता पुढच्या ओळीची घाई. मागं कोणीतरी खोकतं. गाणं शाळेचं आहे, पाटी डोक्यावर धरून उल्हास नदी ओलांडणाऱ्या पोरांचं. पप्पा ब्रश घेऊन दारात उभे होते. ब्रशातला रंग फरशीवर ठिबकत होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

पहिली दोन कडवी इतकी स्वच्छ आली की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. तिसऱ्याला आवाज गेला. तापल्या तेलासारखी चरचर, तिच्याखाली ढोलकीचे ठोके, आणि भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं काहीतरी. शब्द एकही नाही. चौथं कडवं पुन्हा स्वच्छ. हे विचित्र होतं. झीज अशी मध्येच खड्डा पडल्यासारखी होत नाही. रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे खाचेच्या दोन्ही भिंतींवर तोच आवाज असतो आणि एक खराब झाली तर दुसरीवर भागवता येतं. मी दोन्ही वेगवेगळ्या करून ऐकल्या. दोन्ही गेल्यात, आणि फक्त तेवढ्याच भागात. कोणीतरी सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथंच ठेवत होतं. आजोबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस.

मग मी आजोबांच्या पार्टीचा जुना प्लेअर माळ्यावरून उतरवला. तुझ्या हातून काढून घेऊन पप्पांनी वर टाकला होता, तोच. त्याच्या हाताच्या टोकावर चिकटपट्टीनं आठ आण्याचं नाणं बसवलेलं आहे. नाण्याशिवाय सुईवर सहा ग्रॅम पडतात, नाण्यासकट अकरा. सहा ग्रॅमवर तेच कडवं कितीही ऐकलं असतंस तरी बहुधा काहीतरी उरलं असतं. अकरावर खाच खणली जाते. मी ते नाणं पप्पांपुढं ठेवलं. म्हणाले, "मीच लावलेलं. जयंतीला पोरं अंगणात नाचायची, सुई उडायची." नंतर काढलं का नाही? "राहिलं." मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाव गं परत ते तिसरं." रेकॉर्डला हात लावायची गरज नव्हती, मी फाइल लावली. चरचर संपेपर्यंत ते ऐकत राहिले. "रूपाचं नाव हाय त्यात. रूपा पाटी घेऊन पुढं गेली, असं कायतरी. बा गेल्यावर ती तेवढंच ऐकायची." मला वाटलं, बोलणं संपलं. ब्रश उचलून उठताना म्हणाले, "माझं नव्हतं." आणि आत जाऊन भिंत रंगवायला लागले. मी पुढं काही विचारलं नाही. तूही विचारू नयेस असं मला वाटतं. तेव्हा ते बारा वर्षांचे होते.

आता माझं एक निरीक्षण. शाळेत असताना सुट्टीत तुझ्याकडे यायचे, तेव्हा कॉलनीतल्या त्या स्वयंपाकघरात तू मिक्सर लावलास की गायचीस. मिक्सर थांबला की तूही थांबायचीस. मला वाटायचं, आत्या चटणी गरजेपेक्षा फारच बारीक वाटते. रेकॉर्डवरची चाल ऐकली आणि ओळखली. तीच आहे, ओळीच्या शेवटी तीच घाई. म्हणजे ते कडवं हरवलेलं नाही. खाचेतून गेलं ते तुझ्याकडे गेलं, आणि त्याची तेवढीच एक प्रत आहे.

वीस तारखेला तुझं थायरॉइडचं ऑपरेशन. बोलण्यात फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं साईराज म्हणाला. गाण्याचं कोणी विचारलं नसणार, कारण तू गातेस हे त्या घरात कोणाला माहीतच नाही. मी याबद्दल वाचलंय. गाठीजवळून आवाजाची नस जाते. सहसा काही होत नाही, पण 'मी गाते' हे सर्जनला आधी सांग. तू स्वतः सांग. आणि त्याआधीच्या रविवारी इकडे ये. घरी म्हण, भावाचं रंगकाम बघायला जातेय. पप्पांनी मधली खोली सगळ्यांत आधी रंगवून मोकळी केलीय, आणि परवा विचारत होते, पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो का. कोणाचं रेकॉर्डिंग, ते मी विचारलं नाही. तुझा आवाज मी आजोबांच्या गाण्यात जोडणार नाही. तिथली चरचर तशीच राहील, तुझं कडवं वेगळं ठेवीन. आतापर्यंत मी ते दोन आवाजांखाली ऐकलंय, तुझ्या मिक्सरच्या आणि अकरा ग्रॅमच्या चरचरीच्या. आता मला शब्द हवे आहेत. पंखा बंद ठेवू.

तुझीच,
अक्षदा