जितकी विश्वं, तितके निर्माते

५ जानेवारी २०२५, रविवार. अकोला

बाबा जेवता जेवता म्हणाले, "विश्वं लय हायेत, दीक्षा. आन् प्रत्येकाचा निर्माता येगळा!"

घास हातातच राहिला. हे माझे बाबा? देवमन पोस्टमास्तर? आम्हा भावंडांकडून पाढ्यांच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेणारे? निर्माता नाही, हे ऐकत मोठी झाले. आता एकदम इतके!

बार्शीटाकळीला बुधाजी शिंप्यांच्या घरी दर गुरुवारी बैठक असते म्हणे. आई-बाबा दोघंही जातात. "तिथं सांगतात," एवढंच बाबा म्हणाले. प्रत्येक निर्मात्याला आपलंच विश्व ठाऊक, शेजारचं नाही. आपला निर्माता अजून शिकाऊ — हात चुकतो त्याचा. चुकून सुटलेला जीव शेजारचा जाणता निर्माता झेलून घेतो.

ठाऊकच नाही तर झेलतो कसा? विचारलं नाही. आई ताटाकडे बघत होती.

ललितचं नाव कुणी काढलं नाही. माझा धाकटा भाऊ. सव्वा वर्षापूर्वी ताप मेंदूत गेला — तीन दिवसांत सगळं संपलं.

१२ जानेवारी. अकोला

आज बाबांनी थेट विचारलं. "तू कॉलेजात फिजिक्स शिकवते. अनेक विश्वं असू शकतात का? हो का नाई, येवढंच सांग."

"काही शास्त्रज्ञ तसं गणित मांडतात, बाबा. पुरावा नाही."

त्यांनी पहिलंच वाक्य ऐकलं. चेहरा काय उजळला! दुसरं वाक्य परत म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१७ जानेवारी. अमरावती

आईचा फोन. काल बैठकीत बाबांनी माझं नाव घेतलं — "आमची पोरगी अमरावतीले प्रोफेसर हाय, तिनंबी हेच सांगतलं!" टाळ्या वाजल्या म्हणे. मी साधी ज्युनिअर कॉलेजची शिक्षिका! खोटं कुठे बोलले? आणि खरं तरी कुठे?

२० जानेवारी

अकरावीच्या वर्गात फळ्यावरचं सोपं गणित चुकले. दोनदा.

२ फेब्रुवारी. अकोला

बाबांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात! बारा दिवस झाले! "शेजारच्यानं बोलावलं तं गोळ्यायनं काहून अडवाचं?" — हे हसत हसत. मी ओरडले. रडलेही. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

हा बुधाजी कोण लागून गेला? गुरुवारी जाते आणि तोंडावर विचारते.

६ फेब्रुवारी

रजा टाकली. बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याहून बस. घरी सांगितलं नाही.

बुधाजी ऐंशीचे असतील. दारातच मशीनवर बसलेले. मी उभ्या उभ्या भांडायला लागले. त्यांनी शांतपणे चष्मा काढला. "मी कायचा सांगतो वं माय? मी तं आयकतो. सांगते ते तुई माय."

आत सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. आणि समोर आई! घरी दिवसाला दहा शब्द न बोलणारी इंदूबाई! अंगणवाडीत पोरांना गोष्ट सांगायची, अगदी त्याच आवाजात बोलत होती. पुढे बाबा, मांडीवर वही.

बुधाजी हळूच म्हणाले, "लेक गेल्यावर तुया बापानं अन्न सोडलं होतं. मायाकडं घेऊन आली ते त्याले. इथंच बसून हे सांगाले लागली. त्या दिवशी जेवला तो."

आईनं मला पाहिलं. थांबली. मग बाबांकडे वळली. "जो सोताहून जाते, त्याले शेजारचा निर्माता घेत नाही. इथचं पुरं करावं लागते. गोळ्या घ्या."

बाबांनी लिहून घेतलं!

आता मी कुणाशी भांडू?

९ फेब्रुवारी. अकोला

बाबा गोळी घेऊन दुपारचे झोपलेत. आई मागे तुरी वाळत घालत होती. विचारलं, "ललित खरंच तिकडे आहे असं वाटतं तुला?"

हात थांबले नाहीत. "विश्व एकच हाय, दीक्षा. आन् त्यात मायं लेकरू नाई."

मग, "तुया बापाले सांगू नोको."