आईच्या श्वासाचं प्रदर्शन

४ मार्च, मंगळवार
नाही जाणार. धाकट्या बहिणीचं प्रदर्शन आहे म्हणे – कला, विज्ञान, पर्यावरण, सगळं एका हॉलमध्ये. आई अंथरुणाला खिळली होती त्या आठ महिन्यांत बाईसाहेब एकदाच उगवल्या. चार दिवस. त्यातही दुपारभर हातात रेकॉर्डर. कूस बदलायला मी, उशाशी बसायला मी. आणि कलाकार ती.

९ मार्च, रविवार
ह्यांनी ओढून नेलं.
छताला शंभरेक कागदी पिशव्या टांगलेल्या. फुगतात, बसतात. बाहेर रस्त्यावर धूळ मोजायचं यंत्र लावलंय. हवा जितकी घाण, तितका आतला उजेड मंद. आणि स्पीकरमधून श्वास – अडकत, घरघरत, शेवटी बारीक शिट्टी.
हा आवाज ओळखीचा. आई!
पाटीवर एवढंच – 'एका घरातला श्वास'. शेजारची बाई म्हणाली, "किती शांत वाटतं ना इथं?" तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.
धाकटी हसत पुढे आली. म्हटलं, "गेलेल्या आईचा श्वास टांगून ठेवलास. लाज नाही वाटली?" ती काहीतरी सांगायला गेली. मी थांबलेच नाही.

१० मार्च
संध्याकाळपासून तिचे सात फोन. मरू दे. उचलला नाही.

११ मार्च, मंगळवार
आज थेट कारखान्यात आली. फरशी कापायचं मशीन चालू होतं, मी तोंडाला रुमाल बांधून मापं घेत होते. अठरा वर्षं हेच करतेय. सगळ्यांदेखत म्हटलं, "चालती हो." हलली नाही.
"ताई, आईचा श्वास रेकॉर्ड झालाच नाही. ऑक्सिजनच्या यंत्राचाच आवाज आला नुसता. तू खुर्चीत झोपली होतीस, मग रेकॉर्डर तुझ्याकडे वळवला. तो तुझा श्वास आहे."
"मला न विचारता?" एवढंच सुचलं.
"चुकलं माझं. पण काल छातीचे डॉक्टर आले होते बघायला. दहा मिनिटं ऐकत उभे राहिले. म्हणाले, हे जे कोणी आहेत, त्यांना लगेच घेऊन या."
मशीन कुणीतरी बंद केलं होतं. तेव्हा मला ऐकू आलं, माझं मलाच.

१२ मार्च
दोन्ही फुप्फुसांत दगडाची धूळ. धाकटीशी अजून बोलत नाही. एक्स-रेला आत जाताना गळ्यातली साखळी मात्र तिच्याच हातात दिली.