मातीचा नमुना

३ मे
आजपासून शेतीत लक्ष घालायचं. रिटायर होऊन दोन महिने झाले, तरी बायको मला शेतात विचारत नाही. शेवटी तिच्याकडून कबूल करून घेतलं. वरचं अर्धं शेत माझं, खालचं तिचं. ज्याचा मका सरस, पुढे शेताचा कारभार त्याचा. मनातल्या मनात मी तो घेतलासुद्धा.

५ मे, सकाळ
माती तपासायला नमुना द्यायचाय. बायको भर उन्हात नागमोडी फिरून आठ ठिकाणी वीतभर खड्डे खणतेय. मग सगळी माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो पाठवणार. केवढा खटाटोप. माती ती माती.

५ मे, दुपार
माझा नमुना दहा मिनिटांत तयार. गोठ्यामागे छान सावली आहे, माती लोण्यासारखी मऊ. कुदळसुद्धा लागली नाही, खुरप्यावर भागलं. याला म्हणतात डोकं.

२६ मे
रिपोर्ट आला! सेंद्रिय कर्ब भरपूर. नत्र, स्फुरद, पालाश, सगळंच भरपूर. बायकोच्या रिपोर्टात सगळं बेताचंच. मी फार बोललो नाही. फक्त दुकानदाराला आणि पोस्टमनला सांगितलं. व्याह्यांना फोन केला.

२ जून
बायको शेणखत पसरतेय. तुमच्या बाजूलाही टाकू का, विचारत होती. भरल्या पोटी कुणी जेवतं का, म्हटलं. ती हसली. हसू दे.

११ जुलै
माझा मका किंचित पिवळा दिसतोय. बियाणं वेगळं असावं. दोघांचं एकाच पिशवीतलं होतं, पण असो.

४ ऑगस्ट
माझा मका गुडघ्याएवढा, तिचा डोक्यावर. उंच पीक वाऱ्यानं आडवं होतं. बघूच.

९ ऑगस्ट
बायकोनं कृषी अधिकारी बाईंना बोलावलं. माझा रिपोर्ट वाचून त्या खूश झाल्या, मका बघून त्यांनी तो पुन्हा वाचला. माती कुठून घेतली, विचारलं. जागा दाखवली. तिथे गाय बसली होती. गेली कित्येक वर्षं तिथेच बसते, बाकी सगळंही तिथेच करते. रिपोर्ट अगदी खरा आहे, बाई म्हणाल्या, फक्त तो शेताचा नाही.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षं मी लोकांचे चुकीचे अर्ज परत पाठवले.
बाईंनी वही उघडली. "मग हा नमुना कुठला लिहू?"
बायकोनं माझ्याकडे बघितलं. "घरचाच," म्हणाली.

१८ नोव्हेंबर
मका निघाला. कारभार तिचाच. खड्डे खणायचं खातं माझ्याकडे आलंय. सकाळपासून नागमोडी फिरून सात खणले. पाठ गेली. आठव्याआधी जरा गोठ्यामागे सावलीत टेकलो. गाईनं सरकून जागा दिली.