ना-हरकत

शिरूर,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय पोपटदादा,

सप्रेम जयभीम. वहिनींनाही सांग. तुझा गुडघा पुन्हा सुजला असं त्यांच्याकडून कळलं. रेल्वेतून रिटायर झालास तरी रोज दौंड स्टेशनवर फेरी मारल्याशिवाय तुला चहा गोड लागत नाही, हे ठाऊक आहे; पण निदान पुलाचे जिने तरी टाळ.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. आमच्या घरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. म्हणून लिहिते.

काम असं आहे की आम्ही फ्लॅट विकायला काढलाय. तुझ्या ओळखीत कुणी गिऱ्हाईक असलं तर बघ. रेल्वेतलं, शाळेतलं, कुणीही. सांगताना नीट सांग: दोन बेडरूम, हॉल, किचन, दुसरा मजला, दोन्ही वेळ पाणी. एसटी स्टँड पाच मिनिटांवर. गॅलरीत उभं राहिलं की खाली भाजीवाल्या, पुढं भेळेची गाडी, पलीकडं शिलाई मशीनवाला. सकाळी नगरच्या गाडीची घोषणासुद्धा घरात ऐकू येते. वर्दळीची जागा आहे, बाईमाणसाला एकटं वाटत नाही. सोसायटी रजिस्टर झालेली आहे, कागद सगळे स्वच्छ आहेत.

का विकता, असं कुणी विचारलं तर सांग की तुझ्या मेहुण्याला, सुमितला, रांजणगावच्या कंपनीत रात्रपाळी असते आणि दिवसा आवाजामुळं झोप लागत नाही. खरंच लागत नाही. किंमत थोडी खाली आली तरी चालेल. पण लवकर व्हायला हवं, दादा. उन्हाळ्याच्या आत आम्हाला इथून निघायचंय.

मितू बरी आहे. कॉलेजला सध्या जात नाही, घरीच अभ्यास करते. तिची आठवण ठेवून वहिनींनी पाठवलेली शाल पोचली. ती अंगावरून काढतच नाही.

तुझी,
सीमा

शिरूर,
२३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तू पाठवलेल्या अनुपमा मॅडम येऊन गेल्या. बदली होऊन इथल्या शाळेत आल्यात, आई सोबत असते. बाई फार चांगल्या. गॅलरीत बराच वेळ उभ्या राहिल्या. आईला म्हणाल्या, "आक्का, इथं तुला दिवसभर बघायला माणसं मिळतील." मागच्या बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मुलगी झोपलीय. दुपारचे बारा वाजले होते.

त्यांना घर पसंत पडलं. बँकेचं कर्जही होत होतं. फक्त सोसायटीचा ना-हरकत दाखला हवा होता. तो मिळाला नाही. वकील म्हणतात, कायद्यानं तो अडवता येत नाही; पण बँक मागते, आणि भांडत बसलो तर वर्ष जाईल. मॅडमना जूनच्या आत घर हवंय.

काल तू फोनवर चिडलास. "पैसे थकले नाहीत, कागद स्वच्छ आहेत, मग चेअरमन अडवतो कशाला? काय लपवतीस?" मी फोन ठेवला. शेजारी मितू बसली होती.

आता लिहिते. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

जानेवारीत मितू गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली होती. चेअरमन हौसरावांचा मुलगा इंद्रजीत तिच्या मागून वर गेला आणि त्यानं दाराला गच्चीच्या बाजूनं कडी घातली. ती ओरडली. खाली लाऊडस्पीकर लावून कांदे विकणारा टेम्पो उभा होता, बाजाराचा दिवस. इतकी माणसं रस्त्यावर, आणि एकाला ऐकू गेलं नाही. मी घरात पोळ्या करत होते. मलाही नाही. वरच्या मजल्यावरच्या सुलक्षणावहिनींनी ऐकलं. त्यांनी दाराला धक्के दिले, जुनी कडी निसटली, दार उघडलं. मितूच्या ड्रेसचा खांदा ओढणीसकट फाटला होता. मनगट सुजलं होतं. एवढ्यावर वाचली, असं सगळे म्हणतात. वाचली म्हणजे काय, ते मी रोज बघते. ती संडासाचं दारसुद्धा लावून घेत नाही. मी बाहेर उभी राहते.

आम्ही फिर्याद दिली. ठाण्यातल्या बाईंनी नीट लिहून घेतली. त्याला धरलं, मग जामीन झाला. आता तो खाली पार्किंगमध्ये गाडी पुसत असतो.

आणि सुलक्षणावहिनी म्हणतात, मी काही ऐकलं नाही, टीव्ही मोठा होता. त्यांचा नवरा हौसरावांच्या पतसंस्थेत नोकरीला आहे.

दाखल्यासाठी आम्ही हौसरावांकडं गेलो. त्यांनी चहा मागवला. मला ताई म्हणतात. "ताई, माझं तुमच्याशी वैर न्हाई. पोरांचं वय असतं, गैरसमज होतोय. गैरसमजातून तक्रार झाली, येवढं लिहून द्या. तुमची सही एका कागदावर, माझी सही दुसऱ्या कागदावर. सुखानं जावा." मग सुमितकडं वळून म्हणाले, "तुमच्या लोकांना कायदा लई पाठ असतो. पण कायदा माणूस खातोय, जेवायला घालत न्हाई."

सुमितनं कप खाली ठेवला. जिन्यात तो म्हणाला, "सीमा, सही करू आन् निघू. केस जिंकून तिला काय मिळणारे? तिला हे जिने उतरायला नको वाटतात. आपण तिला इथून काढू, बस्स."

त्याचं चुकतंय असं मला म्हणता येईना. मी काय करू, सांग.

सीमा

शिरूर,
१७ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. "सही करा आणि दौंडला या, पोरीचं नाव कोर्टात नको," असं तू लिहिलंस. मी ते वाचून बराच वेळ गॅलरीत बसले. एवढं शिकायला लावलंस तू मला, तूच असं लिहिलंस, म्हणजे आता कुणीच उरलं नाही असं वाटलं. रागावून लिहीत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

आम्ही ठरवलं, सही करायची. ९ तारखेला, रविवारी सोसायटीची सभा होती, तिथं कागदांची अदलाबदल व्हायची होती. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. टाकीची गळती, मेंटेनन्स, सगळं बोलून झालं. शेवटी हौसराव म्हणाले, "आन् सीमाताईंच्या दाखल्याचा विषय." सुमितनं खिशातून कागद काढला.

तेवढ्यात जिन्यावरून मितू खाली आली. तुझ्या घरची ती शाल पांघरून, अनवाणी. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा दाराबाहेर पडली होती. मी उठले, तर तिनं हातानंच मला थांबवलं. इंद्रजीत खांबाला टेकून उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती सुलक्षणावहिनींसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, दुसऱ्या कुणाला काही सांगू नका. फक्त मला सांगा. तुम्ही दार उघडलंत ना? मला रात्री वाटतं की ते दार उघडलंच नाही."

बाहेर रस्त्यावर नेहमीसारखी वर्दळ चाललेली. वहिनी मांडीवरच्या हातांकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "उघडलं गं. मीच उघडलं. तू तिथंच कोपऱ्यात होतीस."

त्यांच्या नवऱ्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि वर नेलं. हौसराव म्हणाले, सभा संपली. सुमितनं कागद फाडला बिडला नाही. घडी घालून परत खिशात ठेवला आणि मितूला म्हणाला, "चल, पाय भाजतील." वर आल्यावर तो मोरीत नळ सोडून रडला.

इथंच सगळं नीट झालं असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी सुलक्षणावहिनींना माहेरी इनामगावला धाडलं. परवा मी एसटीनं तिथं गेले. त्यांनी ओट्यावरच पाणी दिलं, आत बोलावलं नाही. म्हणाल्या, "ताई, कोर्टाचं बोलावणं आलं तर यायची छाती व्हईल का, मला म्हाईत न्हाई. माझी दोन लेकरं त्यांच्याकडंच हायेत. पण आले, तर खोटं बोलायची न्हाई." एवढंच घेऊन मी परतले.

अनुपमा मॅडमनी दुसरीकडं घर घेतलं. जाताना मितूला भेटून गेल्या. आता दाखला मागणार नाही, गिऱ्हाईकही शोधू नकोस. कोर्टात तारखा पडतील, आणि तोवर आम्ही इथंच, याच जिन्यात, त्याच माणसांत. परवापासून आमच्या दाराबाहेर कुणीतरी कचरा ओतून जातं. सुमित पाळीला गेला की मी दाराला कपाट लावते, मितू उठून ते सरकवते. तिला बंद दार नको, मला उघडं नको. अशा दोघी आम्ही रात्र काढतो.

मितू पुढच्या सोमवारपासून कॉलेजला जाणार म्हणते. मी नको म्हटलं, ती ऐकत नाही.

लोक मला धीराची म्हणायला लागलेत. दादा, मी धीराची नाही. खाली गाडीचा आवाज आला तरी मी हातातलं टाकून दाराशी जाते. तू सही कर म्हणालास, मी केली नाही, त्याचा राग धरू नकोस. आणि धरलास तरी ये. गुडघा दुखतोय, दोन जिने आहेत, सगळं कळतं मला. तरी ये. पुढची बेडरूम तुझ्यासाठी रिकामी केलीय. तुला काही करायचं नाही. सकाळी मितू जाईल तेव्हा आणि संध्याकाळी येईल तेव्हा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे तिला वर बघितल्यावर आपलं माणूस दिसेल.

येतोस की नाही, ते कळव. नाही म्हणालास तरी कळव, पण गप्प राहू नकोस.

तुझी घाबरलेली बहीण,
सीमा